साथीत नाडलं जाऊ नये म्हणून: मिरजेतल्या औषध दुकानातून

मी मिरजेत औषधाचं दुकान चालवते. मिशन हॉस्पिटलच्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून हे दवाखान्यांचं गाव. जत-आटपाडीपासून ते पार कर्नाटकातून पेशंट इथे येतात, आणि त्यांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन आमच्या काउंटरवर. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, या काउंटरवरून जे बघितलं, त्याची चीड अजून गेलेली नाही. घरात माणूस तापलेला असताना कोणी भाव विचारत बसत नाही, हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की तेच प्रकार लहान प्रमाणात पुन्हा चालू होतात. म्हणून घरात सगळे धडधाकट असताना हे वाचून ठेवा.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट: पक्कं बिल घ्या. तक्रार करायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे सांगायला खूप असतं आणि दाखवायला काहीच नसतं. औषधाच्या बिलावर दुकानाचं नाव, परवाना क्रमांक, तारीख, औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि फार्मासिस्टची सही असायला हवी. "मशीन बंद आहे" असं कोणी म्हणालं तर हाताने लिहून मागा, बॅच नंबरासकट. तरीही देत नसतील आणि औषध घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर रोख देऊ नका, यूपीआय करा. निदान रक्कम, वेळ आणि पैसे कोणाला गेले एवढं तरी राहतं. खोकं फोडण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. रिकामं खोकं फेकू नका.

छापील किंमत कशी वाचायची

छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, सगळे कर त्यातच धरलेले असतात. "वरून जीएसटी" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. सुट्या गोळ्या घेतल्या तर पट्टीची किंमत भागिले गोळ्या, एवढाच हिशोब.

आता स्टिकरचं बघा. दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतल्या एक काकू ऑक्सिमीटरचं खोकं घेऊन आल्या, "एवढी किंमत बरोबर आहे का गं?" म्हणून. किमतीच्या जागी पांढरं स्टिकर होतं, जरा तिरकं बसलेलं. नखाने त्याचा कोपरा उचलला तर खाली कारखान्यात छापलेली मूळ किंमत होती, स्टिकरवरच्या निम्म्याहून कमी. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे किंमत कमी करायची असेल तरच नवं स्टिकर लावता येतं, आणि तेसुद्धा मूळ किंमत झाकली जाणार नाही असं. म्हणजे किमतीवर चिकटवलेलं स्टिकर दिसलं की आधी फोटो, मग स्टिकर अर्धवट उचलून दुसरा फोटो. पूर्ण काढून टाकू नका, तोच पुरावा आहे. ही तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते, जुन्या माणसांच्या भाषेत वजनमापे खात्याकडे.

यापेक्षा अवघड प्रकार म्हणजे छापील किंमतच फुगवलेली असणं. तिथे कायदा मोडलेला दिसत नाही, पण खिसा रिकामा होतो. ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, थर्मामीटर, ग्लुकोमीटर यांच्या बाबतीत हे इतकं वाढलं होतं की राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला जुलै २०२१ मध्ये या पाच उपकरणांवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. दुसरी लाट तोवर ओसरत आली होती. ज्यांनी एप्रिल-मेमध्ये घेतलं त्यांना काय उपयोग? म्हणून "५० टक्के सूट" या पाटीवर जाऊ नका. तीन दुकानांत फोन करून एकच प्रश्न विचारा: हातात किती रुपयांना द्याल? गोळ्या-औषधांचा सरकारी कमाल दर 'फार्मा सही दाम' या ॲपवर बघता येतो.

सरकारने दर ठरवला असेल तर तो कधीपासून कधीपर्यंत, हेही बघावं लागतं. मार्च २०२० मध्ये केंद्राने दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझर १०० रुपये अशी मर्यादा घातली. ती ३० जूनपर्यंतच होती. मग ऑक्टोबरमध्ये राज्याने नवे दर काढले: दोन पदरी ३, तीन पदरी ४, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. मधल्या काळात भाव विचारणारं कोणी नव्हतं.

मास्कवरून आणखी एक. एन-९५ हा अमेरिकेतला दर्जा आहे. तिथल्या मान्यतेच्या मास्कला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात आणि त्यावर 'टीसी-८४ए' ने सुरू होणारा क्रमांक असतो. आपल्याकडचा दर्जा एफएफपी-२, त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ९४७३ हा आकडा हवा. कापडी मास्कवर नुसतं 'एन-९५' छापून विकलेले गठ्ठे माझ्याकडेही पुरवठादाराने आणले होते. मी परत पाठवले. पुढच्या चौकात ते दोन दिवसांत संपले.

दवाखान्याचं बिल

इथे सावकाश वाचा, कारण मोठी रक्कम इथेच जाते.

२१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले: साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जून २०२१ पासून शहरांप्रमाणे वर्गवारी झाली. सांगली 'ब' गटात, तिथे हेच आकडे ३,०००, ५,५०० आणि ६,७०० झाले. या दरात खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीची औषधं, सीबीसीसारख्या रोजच्या रक्तचाचण्या, एक्स-रे आणि ईसीजी धरलेलं होतं. पीपीई किट, सीटी स्कॅन, टोसिलिझुमॅबसारखी महागडी इंजेक्शनं मात्र वेगळी.

माझ्या चुलत दिरांचं बिल घरी आलं तेव्हा मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. पहिल्या ओळीत वॉर्डचे रोजचे ४,०००. त्याच्या खाली नर्सिंग चार्जेस, आरएमओ (म्हणजे निवासी डॉक्टर) व्हिजिट, कन्सल्टंट व्हिजिट दिवसातून दोनदा, आणि सीबीसी जवळजवळ रोज. म्हणजे जे दरात आलेलं होतं तेच पुन्हा लावलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे गं, माणूस घरी आला हे काय कमी आहे?" त्यांचं मन मला कळत होतं, पण त्यांनी गळ्यातलं मोडून पैसे भरले होते. शासनाच्या अधिसूचनेची प्रत छापली, दुबार लावलेल्या प्रत्येक ओळीसमोर तिच्यातला मुद्दा लाल पेनने लिहिला आणि बिलाच्या खिडकीवर दिली. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का मागितल्यावरच आतून साहेब बाहेर आले. त्या ओळी बिलातून निघाल्या.

ते दर आज लागू नाहीत. पुढच्या साथीत नवी अधिसूचना निघेल, ती राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळेल. रीत मात्र तीच: तपशीलवार बिल मागा, आणि डिस्चार्जच्या दिवसापर्यंत थांबू नका. दर दोन दिवसांनी आतापर्यंतचा हिशोब मागितला की चुका लगेच दिसतात. दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांपासून शुश्रूषागृहांना बंधनकारक आहे, रुग्ण हक्क सनदही लावायची असते. दोन्हींचे फोटो काढा. औषधं त्यांच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. वापरलेल्या रिकाम्या कुप्या आणि न वापरलेली औषधं बिलाशी जुळवून बघा, उरलेली परत करा. बिलावरून वाद असला तरी त्यासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. हे घरातल्या दोघा-तिघांना तरी माहीत हवं, कारण त्या क्षणी एकट्या माणसाला बोलायचं सुचत नाही.

दवाखाना ऐकत नसेल तर सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर असाल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत बसत असूनही पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा.

कोरोनावर दिल्या जाणाऱ्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनबद्दल अजून वाईट वाटतं. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ते सरसकट वापरू नका असं सांगितलं होतं. तरी एप्रिल २०२१ मध्ये मुलं हातात चिठ्ठी घेऊन रात्री अकराला माझं शटर वाजवत होती. एखादं औषध कुठेच मिळत नसेल आणि कोणी फोनवर "आणून देतो, रोख आणा" म्हणाला, तर ती कुपी खरी असेल असं धरून चालू नका. आधी डॉक्टरांना विचारा: हे नाही मिळालं तर काय द्याल? मला माहीत असलेल्या बऱ्याच जणांना त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि धावपळ थांबली.

जाहिरातीतले दावे

सांगलीची हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, तिला आणखी कसल्या सर्टिफिकेटची गरज नाही. तरी त्या काळात साध्या हळदीच्या पुड्या 'कोरोनापासून संरक्षण' असं छापून तिप्पट भावाने विकल्या गेल्या. अशा पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक असतो, आणि लोकांना तो औषधाची मान्यता वाटतो. तो अन्नाचा परवाना आहे. अन्न म्हणून विकलेल्या वस्तूला रोग बरा करतो असा दावा करताच येत नाही. 'आयुष परवानाधारक' म्हणजे ती वस्तू बनवायची परवानगी आहे, गुण येतो याचा पुरावा नव्हे. '९९.९ टक्के विषाणू मारतो' असं दिसलं तर विचारा: कोणता विषाणू, किती मिनिटांत, कुठे तपासलं? उत्तर पाकिटावर नसेल तर पाकीट घेऊ नका.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा आणि ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या ७७१०० १२३४५ या व्हॉट्सॲपवर पाठवा. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

तक्रार

औषधाच्या दराची, बनावट औषधाची: अन्न व औषध प्रशासन, १८००-२२२-३६५. बाकी कशाचीही सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला करा, मराठीत बोलता येतं. तिथे दंड होत नाही, मध्यस्थी होते, पण बरेच दुकानदार तेवढ्यानेच पैसे परत करतात. मजकूर असा ठेवा:

"दिनांक ____ रोजी ____ या दुकानातून ____ ही वस्तू घेतली. छापील किंमत ____, घेतलेली रक्कम ____. बॅच नंबर ____. बिल/यूपीआय पावती आणि खोक्याचे फोटो जोडले आहेत. जादा घेतलेली रक्कम परत मिळावी व कारवाई व्हावी."

राग, शिव्या, घरची कहाणी यात नको. ती खरी असली तरी वाचणारा मुद्दा शोधत असतो. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं, वकील लागत नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर बिल घेऊन दुपारी दोन ते चार या वेळेत जवळच्या ओळखीच्या फार्मासिस्टकडे जा. त्या वेळी गर्दी कमी असते, आणि बिल वाचायला आम्हाला दहा मिनिटं पुरतात.