शैक्षणिक कर्ज फेडायचे कसे: पहिल्या हप्त्याच्या आधीपासून बेबाकी दाखल्यापर्यंत

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी २ लाख असे एकूण ८ लाख रुपये कर्ज काढले, व्याजदर १० टक्के. शिक्षण संपून वर्ष उलटले आणि पहिला हप्ता ठरवायला बँकेत गेलात, की समोर आकडा येतो १० लाख ८० हजार. यात बँकेची चूक नसते. पहिल्या वर्षी उचललेल्या २ लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, असे सरळव्याज साचत जाऊन २ लाख ८० हजार होते. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिसळले जाते आणि मग त्या व्याजावरही व्याज लागते. हेच उदाहरण पुढे वापरले आहे. तुमचे आकडे त्यात घालून पाहा.

शिकत असतानाच

सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. या काळाला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असा अनेक घरांत समज असतो आणि तोच महाग पडतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,६६७ रुपये, दुसऱ्या वर्षी ३,३३३, तिसऱ्या वर्षी ५,००० आणि पुढे ६,६६७ रुपये व्याज घरच्यांनी भरत नेले, तर हप्ते सुरू होताना कर्ज ८ लाखच राहते. दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता मग १४,२७२ ऐवजी १०,५७२ रुपये येतो. शिवाय या काळात व्याज नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात १ टक्क्यापर्यंत सवलत देतात. मंजुरीपत्रात तशी अट आहे का, ते बघा. पूर्ण व्याज झेपत नसेल तर निम्मे भरा, पण ते व्याजखाती जमा झाल्याचे स्टेटमेंटवर तपासा.

खासगी वित्त कंपनीचे कर्ज असेल तर करारपत्र जास्त बारकाईने वाचा. तिथे मोरेटोरियममधले व्याज सरळ आहे की दर महिन्याला मुद्दलात मिसळते, यावर बराच फरक पडतो.

व्याज अनुदानाचेही याच काळात बघायचे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या योजनेत मोरेटोरियममधले व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळासाठी ३ टक्के अनुदान आहे. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजना मात्र वेगळी चालते: आधी तुम्ही वेळेवर भरायचे, मग व्याज परत मिळते. केंद्राच्या योजनेत पैसे अडकतात ते बहुधा शाखेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून आणून देतात, पण शाखेने पोर्टलवर दावाच टाकलेला नसतो. म्हणून दाखला दिल्याची पोच घ्या आणि दरवर्षी स्टेटमेंटमध्ये अनुदान जमा झाले का, ते पाहा. शिक्षण अर्धवट सोडल्यास अनुदान मिळत नाही.

अभ्यासक्रम लांबला, एखादे वर्ष गेले, तर बँकेला लेखी कळवा. नाहीतर संगणक मूळ तारखेलाच हप्ता मागतो आणि विद्यार्थी अजून वर्गात असताना खाते थकीत दिसू लागते.

मुदत किती घ्यावी

सरकारी बँकांत परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत मिळते. १० लाख ८० हजारांवर १० टक्क्यांनी काय होते, ते पाहा:

७ वर्षे: हप्ता १७,९२९, एकूण व्याज सुमारे ४.२६ लाख
१० वर्षे: हप्ता १४,२७२, एकूण व्याज सुमारे ६.३३ लाख
१५ वर्षे: हप्ता ११,६०६, एकूण व्याज सुमारे १०.०९ लाख

दहाची पंधरा वर्षे केली की हप्ता २,६६६ रुपयांनी उतरतो आणि व्याज पावणेचार लाखांनी चढते. तरीही पहिली नोकरी कच्ची असेल, पुण्या-मुंबईत भाडे भरायचे असेल, तर लांब मुदत घेणे चुकीचे नाही. दर तरता (बाजाराबरोबर बदलणारा) असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे लांब मुदत घेऊन जास्त भरत राहता येते. उलटे करणे अवघड: छोटी मुदत घेऊन हप्ता चुकला की नोंद थेट सिबिलवर, म्हणजे तुमच्या पतनोंदीवर, जाते. पगार पुढे वाढणार हे नक्की असेल तर चढत्या हप्त्यांची सोय आहे का, तेही विचारा.

हप्ता वळता करण्याची व्यवस्था

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन ते पाच दिवसांनी ठेवा. पगार १ तारखेला आणि हप्ता २ला, अशी रचना एखादी सुट्टी आली की कोसळते. हप्ते चुकण्याचे कारण दरवेळी पैशांची चणचणच नसते. नोकरी बदलते, नवीन कंपनी दुसऱ्या बँकेत पगारखाते उघडते, आणि वळतीची (हप्ता आपोआप कापण्याची) सूचना जुन्याच खात्यावर राहते. तिथे दोनशे रुपये शिल्लक. हप्ता परत गेला की खाते असलेली बँकही दंड लावते आणि कर्ज देणारीही. राजीनामा देताना करायच्या कामांच्या यादीत हे लिहून ठेवा, आणि नवीन सूचना सुरू होईपर्यंत दोन हप्त्यांची रक्कम जुन्या खात्यात असू द्या.

परदेशात शिकून तिथेच नोकरीला लागलेल्यांनी हप्त्यासाठी दर महिन्याला वडिलांच्या खात्यात पैसे पाठवण्यापेक्षा स्वतःच्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात तीन महिन्यांचे हप्ते ठेवावेत. पैसे यायला दोन दिवस उशीर झाला तर सहकर्जदार म्हणून आईवडिलांचीही पत बिघडू शकते.

जास्तीचे पैसे भरताना

बोनस आला, १ लाख कर्जखात्यात टाकले, संपले, असे नाही. लेखी सूचना नसेल तर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते. अर्जात स्पष्ट लिहा: 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' या शेवटच्या सहा शब्दांची किंमत मोजता येते. दहा वर्षांच्या कर्जात एक वर्ष झाल्यावर १ लाख भरले आणि मुदत कमी करून घेतली, तर साधारण १६ हप्ते वाचतात आणि व्याज सुमारे १ लाख ३० हजारांनी घटते. तेच १ लाख भरून हप्ता कमी करून घेतला, तर तो १२,८६४ वर येतो आणि व्याजातली बचत राहते जेमतेम ५२ हजार. पहिल्या हप्त्यातल्या १४,२७२ पैकी ९,००० रुपये व्याजातच जातात, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा रुपया सर्वांत जास्त काम करतो.

त्याआधी दोन कामे मात्र उरकलेली हवीत. किमान तीन महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य. कार्डावर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज जात असताना १० टक्क्यांचे कर्ज फेडत बसणे म्हणजे गळक्या टाकीला रंग देणे.

दर खरेच खाली आला का, तेही वर्षातून एकदा बघा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचे कर्ज रेपोशी जोडलेले असेल तर घट तुमच्यापर्यंत यायला हवी. दर कमी होऊनही हप्ता तोच दिसत असेल तर मुदत घटलेली असते. किती हप्ते उरले, हे स्टेटमेंटवर कळते. दर वाढताना नेमके उलटे होते. तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने कर्जदाराला दिला. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना दरातल्या फरकातून प्रक्रिया शुल्क आणि नव्या गहाणाचा खर्च वजा करा, आणि चालू असलेले अनुदान हातचे जात नाही ना, हे आधी विचारा.

प्राप्तिकर सवलत

जुन्या करप्रणालीत कलम ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. रकमेला मर्यादा नाही, पण मुदत आहे: व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष धरून आठ वर्षे. कर्ज बँक, अधिसूचित वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. मामांकडून घेतलेल्या पैशांवर ही वजावट नाही. उदाहरणातल्या पहिल्या वर्षी व्याज सुमारे १ लाख ५ हजार भरले जाते. २० टक्के टप्प्यात असाल तर उपकरासह साधारण २१,८०० रुपये कर वाचतो.

पण नव्या प्रणालीत ही वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून तिथे पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही. त्यामुळे पहिल्या नोकरीच्या पगारात ८०ईसाठी जुनी प्रणाली धरून बसणे बहुतेकांना तोट्याचे ठरेल. दोन्हीकडचा कर काढून पाहा आणि मगच ठरवा. 'कर वाचतो म्हणून कर्ज लवकर फेडू नये' हा सल्ला तर साफ चुकीचा: २१,८०० वाचवायला १ लाख ५ हजार खर्च करण्यात फायदा कसला?

हप्ता जमत नसेल तर

नोकरी गेली किंवा मिळालीच नाही, तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. हप्ते काही महिने थांबवणे, मुदत वाढवणे, यांचे अधिकार बँकेकडे असतात, पण खाते थकल्यावर तेच मिळवणे कठीण जाते. अर्जासोबत नोकरी गेल्याचे पत्र, सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि 'सध्या महिन्याला अमुक रक्कम भरू शकतो' असा ठोस प्रस्ताव द्या, आणि पोच घ्या. थकबाकी ९० दिवसांपेक्षा लांबली की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत होण्याच्या वाटेवरचे) ठरते. तोवर निदान जुना एक हप्ता तरी भरत राहा, म्हणजे थकीत दिवस मागे येतात.

उशिराचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाहीत, नातेवाईकांना किंवा मित्रांना त्रास देणेही मना आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

कर्ज मिटवताना

शेवटचा हप्ता गेला म्हणजे खाते बंद झाले, असे समजू नका. काही रुपये व्याज शिल्लक राहते आणि वर्षभराने थकीत दिसते. आधी कर्ज बंद करण्याची रक्कम तारखेसह लेखी घ्या, ती भरा आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, मागा. हप्त्याची वळती रद्द करा. कर्जासोबत एकरकमी विमा घेतला असेल आणि मुदतीआधी फेडले असेल, तर उरलेल्या काळाचा परतावा मागा. घर किंवा जमीन तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो कमी करण्यासाठी बँकेचे पत्र तलाठ्याकडे द्यावे लागते, आणि बोजा गेलेला नवा उतारा हातात येईपर्यंत काम अपुरेच असते.

महिन्या-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढा. वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. खाते 'बंद' आणि शिल्लक शून्य अशी नोंद तुमच्या अहवालात हवी, तशीच सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या किंवा आईच्या अहवालातही हवी. त्यांचा अहवाल वेगळा काढावा लागतो.