आठ फुटी गॅरेजात मारुती ८०० चं इंजिन कसं बदलावं

मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिलिमीटर, रुंदी १४४० मिलिमीटर. घराच्या कुशीला वडिलांनी बांधलेलं आमचं गॅरेज आतून आठ फूट रुंद आणि चौदा फूट खोल. गाडी आत घेतली की दोन्ही बाजूंना मिळून सव्वातीन फूट उरतात आणि पुढे-मागे मिळून तीन फूट. एवढ्याच जागेत मी आमच्या १९९६ च्या कार्बोरेटरवाल्या ८०० चं इंजिन उतरवलं आणि दुसरं बसवलं. ते कसं केलं, ते इथे क्रमाने सांगतो. ज्याला क्लच केबल, प्लग, ब्रेकचे लायनर बदलण्याचा सराव आहे त्याला हे जमेल. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याने मात्र सोबत एखादा जाणता माणूस घ्यावा.

मोठ्या गॅरेजात गाडी जागेवर उभी राहते आणि क्रेन इंजिन घेऊन मागे सरकते. त्या क्रेनचे पाय आपल्याकडे मावत नाहीत आणि मावले तरी ती वळवायला जागा नसते. म्हणून आपण उलटं करायचं. इंजिन एका जागी लटकत ठेवायचं आणि गाडी त्याच्याखालून मागे काढून घ्यायची. गाडीला चाकं आहेत, ती सरकते. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

आधी कागद

इंजिन नंबर आरसी बुकावर असतो, त्यामुळे इंजिन बदलणं हे फक्त पाना-पकडीचं काम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावं लागतं. इंजिन विकत घेण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन काय काय कागद लागतील ते विचारून घ्या. इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं घ्या. विकणाऱ्याकडून बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची प्रत मागा. नंबरावर घासल्याच्या खुणा असतील तर किंमत कितीही कमी असो, ते इंजिन घेऊ नका. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तपासणीत नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

इंजिन निवडताना

८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, आडवं बसवलेलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात किंवा गावातल्या भंगारवाल्याकडे ते मिळू शकतं. तिथे तीन गोष्टी बघायच्या. पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ते कुठेही अडकता कामा नये. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवा. बोटाला दह्यासारखा पांढरट थर आला तर पाणी ऑइलमध्ये गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तिसरी गोष्ट कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. गेज लावून तिन्ही सिलिंडर तपासा. एखादा दुसऱ्यांपेक्षा बराच खाली असेल तर ते इंजिन सोडून द्या. आणि आपली गाडी कार्बोरेटरची असेल तर इंजेक्शनवालं इंजिन स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका. त्याचं वायरिंग, पेट्रोल लाइन, सगळंच वेगळं असतं.

टांगायचं कशाला

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण माणसं जिवाला मुकतात ती इथेच. स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला इंजिन टांगायचं नाही. पत्र्याच्या शेडच्या अँगललाही नाही. हुक पंख्यासाठी आणि अँगल पत्र्यासाठी असतो.

मी फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन घोड्या करून घेतल्या, ए अक्षराच्या आकाराच्या, आणि वर चार इंची आय सेक्शनचा गर्डर बोल्टने बसवला. गॅरेज अरुंद असल्याचा इथे फायदाच होतो. एक घोडी डाव्या भिंतीला, एक उजव्या भिंतीला लागून उभी राहते, मध्ये गाडी. गर्डरच्या दोन्ही टोकांशी भिंतीत लाकडी पाचर ठोकली की तो आडवा हलत नाही. गर्डर जमिनीपासून किमान सात फूट हवा. हिशोब असा: समोरच्या पॅनेलची वरची कड साधारण अडीच फुटांवर, तळापासून हुकापर्यंत इंजिन दोनेक फूट, वर साखळीचा फास एक फूट, आणि पूर्ण आवळलेली चेन पुली आणखी एक फूट. म्हणजे साडेसहा होतात. उरलेला अर्धा फूट लागतोच. इंजिनाचं वजन उतरलं की पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि गाडीचं नाक वर येतं. आम्ही ते धरलं नव्हतं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, पॅनेलच्या कडेला टेकला आणि साखळी एका कडीने आखूड करायला इंजिन पुन्हा खाली घ्यावं लागलं.

चेन पुली किमान अर्ध्या टनाची घ्या. भाड्याने मिळते. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी सिमेंटच्या चार गोण्या, म्हणजे २०० किलो, गर्डरला टांगून अर्धा तास ठेवा. बोल्ट, वेल्डिंग, घोड्यांचे पाय, सगळं हात लावून तपासा.

गाडी कुठे उभी करायची

गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, नाक शटरकडे. नाक शटरच्या रेषेला आलं की मागे तीन फूट मोकळे राहतात. इंजिन वर आलं की गाडी त्याच तीन फुटांत मागे जाणार आहे. टेपने मोजा: बंपरपासून इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंतचं अंतर मागच्या मोकळ्या जागेपेक्षा कमी हवं. कमी पडत असेल तर नाक थोडं शटरबाहेर ठेवा. डावी बाजू भिंतीला सरकवा, म्हणजे उजवीकडे अडीच फूट चालायला राहतात. गर्डर बरोबर इंजिनाच्या मध्यावर येईल अशा घोड्या उभ्या करा.

शटर पूर्ण वेळ उघडं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साचते. जवळ पाण्याची मोटर, गॅस गिझर, उदबत्ती काही नको. उजेडाला एलईडी दिवा. अग्निशामक सिलिंडर आणि वाळूची बादली हाताशी.

सोडवायचा क्रम

पहिली बॅटरी, आणि बॅटरीचीही निगेटिव्ह वायर आधी. मग बोनेट. बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा, बसवताना फट सारखी येते. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट काढा. ते गोडसर असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर मरतात, म्हणून लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये काढा. गटारात काहीही ओतायचं नाही.

आता रेडिएटर पंख्यासकट बाहेर काढा. तो निघाला की हात घालायला जागा होते. एअर फिल्टर, पेट्रोलचे पाइप (मोकळ्या तोंडात लगेच योग्य मापाचा बोल्ट घालून क्लॅम्प आवळा), हीटरचे होज, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. मग केबल: ॲक्सिलरेटर, चोक, क्लच, स्पीडोमीटर. मग स्टार्टर, अल्टरनेटर, कॉइल, ऑइल प्रेशर आणि तापमानाच्या वायरी. प्रत्येक वायरीला मास्किंग टेप आणि त्यावर नंबर. तोच नंबर जिथून ती सुटली तिथेही. सोडवायच्या आधी मोबाइलने फोटो, सोडवल्यावर पुन्हा फोटो. बोल्ट शक्यतो त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा. जमत नसेल तर अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने.

सायलेन्सरचे मॅनिफोल्डवरचे नट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि गोटी पान्याने सोडवा. साध्या डबल पान्याने कडा घासल्या तर पुढचा अर्धा दिवस त्यात जातो.

ॲक्सलकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांकडे, नीट लक्ष द्या. दोन्ही ॲक्सल फक्त गिअरबॉक्सच्या बाजूने काढायचे. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून चाक बाहेर ओढलं आणि आतल्या टोकाशी पहार लावून हलका झटका दिला की ॲक्सल लॉकसकट सुटतो. बाहेरचं टोक चाकातच राहू द्या. आपल्याला याच चाकांवर गाडी ढकलायची आहे, आणि ॲक्सल पूर्ण काढून चाकावर वजन दिलं तर बेअरिंग खराब होतं. मोकळं टोक तारेने बांधून ठेवा, लोंबू देऊ नका. बॉल जॉइंट पुन्हा बसवा. हे जॅकवर नाही, जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. शेवटी गिअरचा रॉड आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी.

उचलणं

गिअरबॉक्ससकट इंजिन एकत्र काढा. क्लच खाली फरशीवर जुळवणं सोपं जातं, गाडीत वाकून ते करणं फार त्रासाचं. इंजिनावर उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांमध्ये साखळी अडकवा, पुलीने नुसता ताण द्या, आणि मगच माउंटिंगचे, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधारांचे, बोल्ट काढा. ताण नसताना बोल्ट काढला तर इंजिन झपकन खाली बसतं.

तीन माणसं हवीत. एक साखळीवर, एक इंजिनाला हात लावून ते तिरकं करणारा, एक फक्त बघणारा. मुलांना घरात पाठवा. इंजिनाखाली कुणाचाही हात-पाय नको. एक इंच उचला आणि थांबा, चारही बाजूंनी बघा. काहीतरी राहिलेलं असतंच. आमच्याकडे गिअरबॉक्समागे रिव्हर्स लाइटची वायर राहिली होती, ती तारेसारखी ताठ झाल्यावर दिसली. गिअरबॉक्सची बाजू खाली झुकवली की जोडी बाहेर निघते. चेंबर पॅनेलच्या वर गेला की थांबा. हँडब्रेक सोडा आणि गाडी हळूच मागे ढकला. इंजिन हवेत, गाडी मागे सरकतेय, आणि इंजिनाखाली मोकळी फरशी. तिथे एक जुना टायर आडवा ठेवा आणि इंजिन त्यावर उतरवा. टायरवर ते कलंडत नाही आणि चेंबरही चेपत नाही.

फरशीवरचं काम

जुनं आणि आणलेलं इंजिन शेजारी ठेवून एकेक भाग ताडून बघा. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन घाला. हे सगळं आत्ता हाताशी आहे, गाडीत बसल्यावर यातल्या एकेका भागासाठी पुन्हा दिवस मोडेल. बेल्ट घालताना पुलींवरच्या खुणा जुळवा, मग हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. क्लच प्लेट मध्यावर आणायला जुना गिअरबॉक्स शाफ्ट किंवा त्या मापाची लाकडी दांडी वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. गिअरबॉक्स हाताने सरकत फ्लायव्हीलच्या कव्हरला भिडला पाहिजे. बोल्ट आवळून तो खेचून घेतलात तर क्लच प्लेट वाकते.

बसवणं आणि पहिला स्टार्ट

क्रम तोच, उलटा. माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, सगळे लागल्यावरच आवळा. ॲक्सल आत ढकलताना लॉक बसल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. नंतर हाताने ओढून बघा. गिअर ऑइल सर्वांत आधी भरा, कारण ते विसरलं तर गिअरबॉक्स पहिल्याच चकरेत जातो.

अर्थिंगची पट्टी लावली का, हे दोनदा बघा. ती राहिली तर स्टार्टरचा करंट परत जायला वाट शोधतो आणि ती त्याला क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून मिळते. केबल हाताला चटका बसेल इतकी तापते, तिचं प्लॅस्टिक वितळतं, आणि माणूस स्टार्टरला दोष देत बसतो.

गाडी ढकलून अंगणात आणा. बंद गॅरेजात इंजिन चालू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॉइलची वायर काढून ठेवा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा. मग वायर लावून चालू करा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नका, खाली पुठ्ठा टाकून गळती बघा. टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग जुळवा.

पहिले काही दिवस घराजवळच फिरवा, रोज सकाळी ऑइल आणि कूलंट बघा. ५०० किलोमीटरनंतर माउंटिंग, मॅनिफोल्ड आणि बॉल जॉइंटचे बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून तपासा. आमच्या गाडीत मॅनिफोल्डचे दोन नट पाव फेरा फिरले.