कंटेनरच्या क्रमांकातील शेवटचा अंक हाताने कसा ताडावा

न्हावा शेव्याच्या बंदरातून निघून उरण फाट्याकडे जाणाऱ्या कोणत्याही ट्रेलरवरील कंटेनरच्या दारावर चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि बहुधा चौकटीत लिहिलेला एक अंक दिसतो. त्याखालचे २२जी१ किंवा ४५जी१ हे आकार व प्रकार सांगणारे वेगळे संकेत आहेत. त्यांची सरमिसळ करू नये. चौकटीतला अंक म्हणजे चेक डिजिट. आधीची दहा चिन्हे बरोबर उतरली आहेत की नाहीत, हे त्यावरून ताडता येते.

द्रोणागिरीच्या यार्डात किंवा वाशीच्या कचेरीत फोनवरून क्रमांक उतरवून घेणाऱ्याला या अंकाची विशेष गरज असते, आणि याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत ‘चोपन्न’ म्हणताना चार आधी कानावर पडतो, पण कागदावर पाच आधी लिहावा लागतो. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस दोन’ अशा संख्यावाचनावरून वाद झाला, तो याच उलटसुलट क्रमाचा होता. मला स्वतःला चोपन्नच बरे वाटते, मात्र घाईत त्याचे पंचेचाळीस होतात हे नाकारता येत नाही.)

आयएसओ ६३४६ या मानकानुसार प्रथम अक्षरांना किमती द्याव्यात. ए म्हणजे १०. पुढे क्रमाने जाताना ११, २२ आणि ३३ गाळावेत, कारण ११ ने भागल्यावर त्यांची बाकी शून्य उरते. त्यामुळे बी १२, के २१, एल २३, यू ३२, व्ही ३४ आणि झेड ३८ होतो. मग दहा चिन्हांना डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणून, गुणाकारांची बेरीज करून तिला ११ ने भागावे. उरलेली बाकी हाच चेक डिजिट. बाकी १० आली तर ० लिहितात.

सी-एस-क्यू-यू ३०५४३८ हे उदाहरण घेऊ. अक्षरांचे गुणाकार १३, ६०, ११२ आणि २५६; अंकांचे ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४०९६. एकूण बेरीज ६१८५ येते आणि तिला ११ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून चौकटीत ३ हवा.

एवढे मोठे गुणाकार तोंडी करण्याची मात्र गरज नाही. आपल्याला केवळ बाकी हवी असल्याने गुणकांऐवजी त्यांच्याच ११ च्या बाक्या वापराव्यात, म्हणजे शेवटच्या सहा अंकांसाठी ५, १०, ९, ७, ३, ६ एवढेच पाठ करावे लागते. चार अक्षरांची बाकी तर त्या अक्षरगटापुरती कायमच राहते. येथे अक्षरांची बेरीज ४४१, म्हणून बाकी १. रोज ज्या चार-पाच अक्षरगटांचे कंटेनर हाताळावे लागतात, त्यांच्या बाक्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्या की काम अर्ध्याहून कमी होते. आता १५, ०, ४५, २८, ९ आणि ४८ मिळून १४५, त्यात अक्षरांचा १ मिळवून १४६. त्यातून १४३ वजा जाता ३ उरतात.

‘तीस, चोपन्न, अडतीस’ ऐकून एखाद्याने ३०४५३८ लिहिले, तर ४५ आणि २८ यांच्या जागी ३६ आणि ३५ येतात, एकूण बेरीज १४४ होते आणि बाकी १ उरते. चूक तिथल्या तिथे उघडी पडते. सहाही गुणकांच्या बाक्या वेगवेगळ्या असल्याने, दोन असमान अंकांची अदलाबदल झाली की बाकी बदलतेच. फट एकच आहे: बाकी ० असो वा १०, चौकटीत ० च लिहिला जातो, त्यामुळे या दोहोंमधील गफलत सुटू शकते. म्हणूनच १० बाकी येणारे अनुक्रमांक टाळावेत, अशी शिफारस आहे.

अंक जुळला नाही तर कोणते चिन्ह चुकले हे हिशेब सांगत नाही. प्रथम ऐकलेल्या जोड्या उलटवून पाहाव्यात, पण त्यातून बाकी जुळली तरी तोच क्रमांक खरा असे धरून गेट पास करू नये. ट्रेलर सुटण्यापूर्वी चालकाकडून दाराचा फोटो मागवून खात्री करावी, आणि बाकी जुळावी म्हणून चौकटीतला अंक तर कधीच बदलू नये.