मेमसेट स्वतःलाच बोलावतंय का, बघून घ्या
सी भाषेसाठी स्वतःची छोटी लायब्ररी लिहायला घेतली की मेमसेट, म्हणजे मेमरीचा तुकडा एकाच बाइटने भरणारं फंक्शन, सगळ्यात सोपं वाटतं. एक फॉर लूप, बाइटमागून बाइट भरत जायचं. पण वेग वाढवणारा ‘-ओ३’ फ्लॅग लावून कंपाइल केलं की जीसीसी कंपायलरच्या बऱ्याच आवृत्त्या तो लूप ओळखतात आणि त्याच्या जागी चक्क मेमसेटचाच कॉल घालतात. फंक्शन स्वतःलाच हाका मारत राहतं, स्टॅक (कॉलसाठी राखलेली मेमरी) संपतो, सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळतो. सोर्समध्ये चूक नसतेच, म्हणून माणूस तासन्तास तिथेच अडकतो.

तयार लायब्ररी नाही असं कंपायलरला सांगणारा ‘-एफफ्रीस्टँडिंग’ नुसता पुरत नाही. त्या मोडमध्येही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकम्प ही चार फंक्शनं तुम्ही देणारच, असं जीसीसी धरून चालतो. हवा तो फ्लॅग ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’, लूपच्या जागी असे कॉल घालणं बंद करणारा. फक्त या चार फंक्शनांच्या फाइलींना लावा. बाकी लायब्ररीचा वेग कशाला घालवायचा? मसल लिबसी ही सीची प्रसिद्ध लायब्ररीसुद्धा असंच करते.

मग मशीन कोड दाखवणाऱ्या ‘ऑब्जडम्प -डीआर’ने मेमसेटची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन आलेली) उघडून बघाच. त्यातला ‘आर’ विसरू नका, त्याशिवाय कॉल कुणाला जातोय त्याचं नाव दिसत नाही. त्या कॉलपाशी मेमसेटचंच नाव दिसलं, तर फ्लॅग त्या फाइलपर्यंत पोचलेला नाही.