कूलर काढायच्या आधी घरी फायर एक्स्टिंग्विशर घ्या, पण कोणतं ते पाहून

मार्च लागला की नागपुरात खस बदला, टाकीला रंग मारा हे सुरू होते, अन् तेव्हाच मी सगळ्यांच्या मागे लागतो की घरात एक फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. मागच्या उन्हाळ्यात बाजूच्या बिल्डिंगमध्ये कूलरच्या मोटरने पेट घेतला, खस कोरडी होती ती भडकली, अन् तिथल्या काकांनी घाबरून बादलीभर पाणी मारलं, बटण चालूच! शॉक बसून काका फेकल्या गेले, वाचले हेच खूप. पॅसेजमध्ये लाल सिलेंडर टांगलेलं होतं पण ते कशाचं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

तर आधी लेबल वाचा, कोणत्या आगीवर चालते ते त्यावर अक्षरात असते. ए म्हणजे लाकूड, कपडा, कागद, गादी. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर. सी म्हणजे गॅस. एफ म्हणजे कढईतलं तेल. विजेला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही, त्यामुळे लेबलवर विजेच्या उपकरणावर चालते का हे वेगळं पाहा. पाणी आणि फोम विजेवर अजिबात नाही.

घरासाठी आयएसआय मार्कचं एबीसी पावडरवालं घ्या, 2 किलोचं चालते, जागा असेल तर 4 चं. ही पावडर जळत्या लाकूड-कपड्यावर वितळून थर धरते म्हणून आग पुन्हा पेटत नाही सहसा. पण पसारा भयंकर होतो आणि कॉम्प्युटर, टीव्हीत गेली की आतून खराब करते, म्हणून मीटर रूम, दुकानातलं बिलिंग काउंटर अशा ठिकाणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) बरं, मागे काही उरत नाही. फक्त लहानशा बंद खोलीत ते मारून तिथेच उभं राहू नका, श्वास कोंडतो, आणि वायू निघतो त्या भोंग्याला हात लावू नका, बर्फापेक्षा कितीतरी थंड होतो.

किचनचं मात्र नीट ऐका. वडे तळताना कढई पेटली तर पाणी नाही म्हणजे नाहीच, पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करा, बाजूने झाकण सरकवा अन् थंड होईस्तोवर उघडू नका. पावडर जवळून मारली तरी तेल उडू शकते. सावजीची खानावळ असो की तर्री-पोह्याचा ठेला, जिथे दिवसभर तेल तापते तिथे एफ क्लासचं वेगळंच घ्या. आणि गॅस सिलेंडरची नळी पेटली असेल तर आधी रेग्युलेटर बंद करा, हात पोचत नसेल तर बाहेर निघा, कारण नुसती ज्योत विझवली अन् गॅस निघतच राहिला तर तो खोलीत साचून स्फोट होतो.

वापरायची पद्धत सोपी आहे, घाईत विसरते फक्त. आधी एमसीबी (विजेचा मेन स्विच) पाडा, 101 ला कोणालातरी फोन लावायला सांगा, पाठ दाराकडे ठेवा. दोन-तीन मीटरवरून पिन ओढा, नोझल आगीच्या बुडाशी धरा, ज्वाळांवर नाही, हँडल दाबा अन् झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. 2 किलोचं जेमतेम दहाएक सेकंद चालते. तेवढ्यात आटोक्यात नाही आली, किंवा धूर भरला, किंवा पार्किंगमध्ये ई-स्कूटरची बॅटरी पेटली (ती विझली वाटते अन् पुन्हा भडकते) तर सोडा आणि निघा.

एक्स्टिंग्विशर दाराजवळ टांगा, गॅसच्या शेगडीवर नाही आणि गच्चीच्या उन्हातही नाही, मे मधलं आपलं 45 चं ऊन आहे ते. महिन्यातून एकदा प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. सीओटूवर काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागते. अन् एकदा थोडंसं जरी दाबलं तरी रिफिल कराच, प्रेशर हळूहळू निघून जाते. आम्ही रिफिलला द्यायच्या आधी जुनं सिलेंडर मोकळ्या मैदानात आईच्या हातात दिलं, पहिल्यांदा पिनच निघेना, कारण तिने हँडल आधीच दाबून धरलं होतं. हँडल सोडून पिन ओढायची, मग दाबायचं, हे तिला तेव्हा समजलं.