रन-फ्लॅट ठेवायचे की साधे टायर टाकायचे: लांब डिकीच्या वेगवान गाडीसाठी

टायरचा ब्रँड ठरवायच्या आधी डिकी उघडा. सामान बाहेर काढा, तळाचा गालिचा उचला आणि खाली काय आहे ते बघा. बारीक चाकाची स्टेपनी असेल, पंप आणि सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली असेल, नाहीतर काहीच नसेल. गाडी घेतल्यापासून तो गालिचा एकदाही न उचललेले लोक माझ्याकडे सर्रास येतात आणि आल्या आल्या विचारतात, "ताई, रन-फ्लॅट काढून साधे टाकू का?" रन-फ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारा टायर. तो काढला तर पंक्चरच्या वेळी डिकीत जे असेल त्यावरच भागवायचं, म्हणून मी आधी त्यांना गाडीच्या मागे घेऊन जाते.

माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान नाशिकच्या अंबडला आहे. वडील आडगाव नाक्याला ट्रकचे टायर रिमोल्ड करायचे. नक्षी घासली तर नवीन रबर चढवता येतं, पण बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, गेली की टायर गेला, हे मी शाळेत असताना त्यांच्याकडून ऐकलं. रन-फ्लॅटचा सगळा खेळ त्या साइडवॉलचाच आहे.

साध्या टायरमधून हवा गेली की साइडवॉल दुमडते आणि रिम तिच्यावर बसते. रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये आतून जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराचा थर असतो. हवा शून्य झाली तरी तो गाडीचं वजन काही वेळ उचलून धरतो. किती वेळ? कंपन्या सर्वसाधारणपणे ताशी ८० किमीच्या आत राहून ८० किमी सांगतात. सापुताऱ्याहून नाशिक साधारण तेवढंच आहे, म्हणजे वर पंक्चर झालं तर जेमतेम घर गाठाल. तेही गाडी हलकी असेल तर. लांब डिकीच्या गाडीत मागे चार बॅगा, आजीची व्हीलचेअर आणि वणीहून घेतलेल्या द्राक्षांच्या पेट्या भरल्या की मागच्या चाकांवरचा भार वाढतो आणि ते ८० किमी कमी होतात. किती, ते गाडीच्या पुस्तकात बघा. काही कंपन्या भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा देतात.

आपल्याकडे खरी इस्टेट, म्हणजे छत मागपर्यंत गेलेली लांब डिकीची गाडी, क्वचितच दिसते. व्होल्वोची व्ही९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये आली, तिचे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यापेक्षा बीएमडब्ल्यूची ३३०आय जीटी माझ्याकडे जास्त येते. नावाला इस्टेट नसली तरी मागचा दरवाजा काचेसकट उघडतो, डिकी मोठी आणि इंजिन २५० अश्वशक्तीच्या वरचं. पुढचा हिशेब मी तिच्यावरच मांडते, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

आधी तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचा. रन-फ्लॅटची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी: ब्रिजस्टोनची आरएफटी, मिशलिनची झेडपी, काँटिनेंटलची एसएसआर, गुडइयरची आरओएफ, आणि मर्सिडीजसाठी बनवलेल्यावर एमओई. मग माप. २२५/५० आर१८ ९५डब्ल्यू म्हणजे रुंदी २२५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १८ इंची. ९५ चा अर्थ एक टायर ६९० किलो पेलतो, आणि डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंतचा. टायर बदलताना भाराचं आणि वेगाचं ही शेवटची दोन रेटिंग कधीही खाली आणायची नाहीत. "ताई, मी कुठे २७० ने चालवतो?" असं म्हणत स्वस्तातला कमी रेटिंगचा टायर मागणारे येतात. मी देत नाही. वेगाचं रेटिंग कमी म्हणजे बहुतेक वेळा उष्णता सोसण्याची ताकदही कमी, आणि भरलेली गाडी उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर तासभर १२० ने धावली की ती ताकद लागते.

आता नाशिकचं सांगते. आपल्या रस्त्यांवर टायर खिळ्यापेक्षा खड्ड्याने जास्त मरतो, निदान माझ्या दुकानात तरी. पेठ रोड, पावसाळ्यातला घोटी–भंडारदरा, सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले शहरातले रस्ते, रात्री न दिसणारे स्पीडब्रेकर. रन-फ्लॅट खिळ्यावर उत्तम उपाय आहे. खड्ड्यावर मात्र तो उलटा पडतो. भिंत ताठ असल्याने धक्का टायरमध्ये जिरत नाही, रिमपर्यंत जातो आणि रिमची आतली कड वाकते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त ८०–९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं. साध्या टायरची भिंत लवते, धक्का थोडा खाते. म्हणून तिला फुगा येत नाही असं नाही. हवा कमी असेल तर दोन्ही टायर खड्ड्याच्या कडेवर चेपतात, आतले दोर तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कोणी काहीही सांगो.

म्हणून रन-फ्लॅट की साधा, याइतकाच मोठा प्रश्न १८ इंची की १९ इंची हा आहे, आणि तो मला फारसं कोणी विचारत नाही. ३३०आय जीटीला १९ इंची रिम असेल तर पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० लागतात. पुढची भिंत होते १०१ मिमी. तीच गाडी २२५/५० आर१८ वर आणली की भिंत ११२ मिमीच्या वर जाते आणि चाकाचा एकूण व्यास जेमतेम ३ मिमीने कमी होतो. स्पीडोमीटरवर हा फरक कळतही नाही, पण रिम आणि खड्ड्याच्या मध्ये ११ मिमी जास्त रबर आणि हवा येते. शिवाय चारही टायर एकाच मापाचे झाल्याने पुढचे मागे फिरवता येतात, आणि एकाच मापाचा एखादा टायर शोधणं दोन मापांपेक्षा सोपं. ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला धरणारे चिमटे, १८ मध्ये बसतात का, हे आधी चाक लावून बघायचं, कागदावर नाही. दिसायला १९ इंची भारी असतात, हे मान्य. कॉलेज रोडवर ते दिसावेत असं वाटत असेल तर मी वाद घालत नाही, फक्त रिम सरळ करणाऱ्याचा नंबर देऊन ठेवते.

गाडी जोरात चालवणाऱ्यांचा एक आग्रह असतो की कंपनीने रन-फ्लॅट दिलेत म्हणजे तेच स्पोर्टी. बीएमडब्ल्यू तिच्या एम३, एम५ या सगळ्यात तापट गाड्यांना, एम३ टूरिंग या इस्टेटलासुद्धा, रन-फ्लॅट देत नाही. कारण रन-फ्लॅटचं वजन. जड टायर स्प्रिंगच्या खाली लटकतो, आणि खाली जितकं वजन जास्त तितकं चाक उंचवट्यावरून उसळून रस्ता सोडतं. साध्या टायरवर आल्यावर कसारा घाटाच्या वळणात पहिल्या दिवशी स्टीअरिंग किंचित मऊ वाटेल, कारण भिंत लवते. ओल्या रस्त्यावर आणि उखडलेल्या डांबरावर मात्र गाडी जास्त चिकटून जाते. चांगल्या कंपनीचा स्पोर्ट टायर घेतला तर. स्वस्तातला साधा आणि चांगला रन-फ्लॅट यांत मी डोळे मिटून रन-फ्लॅट घेईन.

मग रन-फ्लॅट कोणी ठेवावेत? माझ्या एक ग्राहक डॉक्टर आहेत. रात्री-अपरात्री सिन्नर, घोटीकडे एकट्या जातात. त्यांना मी साधे सुचवलेच नाहीत. रात्री दोनला समृद्धीवर पंक्चर झालं तर कडेला थांबून जॅक लावणं हाच सगळ्यात मोठा धोका, मागून ट्रक येत असतात. त्यांनी वेग ८० च्या खाली आणायचा, पुढच्या इंटरचेंजला उतरायचं आणि उजेडात थांबायचं. रिमला मार बसेल तो बसेल. ज्यांना चाक बदलणं जमत नाही किंवा बदलायचंच नाही, पाठदुखीवाले काका असोत की लहान मुलं घेऊन फिरणारी आई, त्यांनीही रन-फ्लॅटच ठेवावेत आणि जादा पैसे त्या सोयीचे समजावेत.

पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं उलट. दिवस बागांच्या कच्च्या रस्त्यांवर, आणि दर हंगामात एखादी रिम वाकलेली. त्यांना मी साधे दिले, १८ इंची. पण आधी डिकीचा प्रश्न सोडवला. बारीक स्टेपनी घेतली तर ती लावल्यावर काढलेलं रुंद चाक खालच्या खळग्यात मावत नाही. ते वर सामानावरच ठेवावं लागतं, मातीसकट. म्हणून डिकीत एक जाड ताडपत्री आणि चाक बांधायला पट्टा. ज्यांना स्टेपनीने डिकी अडवायची नाही त्यांनी चांगला पंप, सीलंट आणि पंक्चर दुरुस्तीचं किट ठेवावं. नियमही तेच सांगतो: २०२० च्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीशिवाय चालतं. तेव्हा रन-फ्लॅट काढून नुसत्या रिकाम्या डिकीनिशी फिरू नका. सीलंट नक्षीतल्या खिळ्याच्या भोकाला चालतं, भिंतीच्या चिरेला नाही, आणि बाटलीवर मुदत छापलेली असते ती बघा.

व्होल्वोवाल्यांनी आणि ज्यांची गाडी कारखान्यातूनच साध्या टायरवर आली त्यांनी रन-फ्लॅटच्या वाटेला जाऊ नये. सस्पेन्शन त्या ताठपणासाठी बसवलेलं नसतं, आणि हवा गेल्यावर टायर जागेवर धरून ठेवणारा जादा उंचवटाही त्यांच्या रिमवर असेलच असं नाही. उलटं मात्र चालतं. रन-फ्लॅटच्या रिमवर साधा टायर नीट बसतो. एकाच अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एक रन-फ्लॅट आणि एक साधा असं कधीच करू नका. खरं तर चारही एकदमच बदला.

पंक्चरचं थोडं. रन-फ्लॅटमधून हवा गेल्यावर गाडी किती चालली हे मालक सांगतो ते मी ऐकते, पण टायर उतरवून आत हात घालते. आत काळा भुसा आणि भिंतीला गोल सुरकुतलेला पट्टा दिसला तर भिंत शिजली आहे, टायर बाद. आत स्वच्छ असेल, भोक नक्षीच्या मध्यभागी आणि बारीक असेल, आणि त्या कंपनीची परवानगी असेल, तर मशरूम पॅच, म्हणजे आतून बसवायचं छत्रीच्या आकाराचं ठिगळ, एकदा. बऱ्याच कंपन्या रन-फ्लॅटच्या दुरुस्तीला नाहीच म्हणतात. हायवेच्या कडेला कोणी बाहेरून स्ट्रिप (भोकात दाबायची रबरी पट्टी) मारून देत असेल तर घर गाठण्यापुरती मारून घ्या, पण पहार आणि हातोडीने टायर उतरवू देऊ नका. ताठ बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, फाटते आणि आतला हवेचा सेन्सर तुटतो. रन-फ्लॅट उतरवायला मदतीचा हात असलेलं मशीन लागतं. "मशीन कोणतं?" हे दुकानात आधी विचारा, विचारल्याचा राग आला तर दुसरं दुकान बघा.

खरेदी करताना भाव फोनवर विचारू नका. दोन्ही प्रकारांचा, चार टायर, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटसकट लेखी भाव घ्या. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित यादीत, म्हणजे परवाना घेऊनच आणता येईल अशी, टाकली. तेव्हापासून अशा गाड्यांच्या मापांसाठी थांबावं लागतं आणि दुकानात जुना माल पडून राहतो. म्हणून भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरचा वाचा, वरच्या एकाचाच नाही. आयएसआयची खूणही बघा.

बसवून झाल्यावर हवा दुकानदाराच्या अंदाजाने नाही, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. सामान भरलं तर स्टिकरवरचा दुसरा, जास्तीचा आकडा. हवेची यंत्रणा मेनूतून रीसेट करून गाडी थोडी चालवा, नाहीतर ती जुन्याच टायरच्या हिशेबाने बोलत राहील. रन-फ्लॅट ठेवणाऱ्यांना तर ही यंत्रणा चालू असलीच पाहिजे, कारण हवा गेलेली गाडीच्या चालीवरून समजतच नाही. आणि चाकाच्या लॉक बोल्टची किल्ली दुकानातून निघण्याआधी मागून घ्या. ती पान्ह्यात अडकून माझ्याच दुकानात राहिलेली असते, आणि मालक तोवर घोटीच्या पुढे पोचलेला असतो.