मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर अभंगाचे संपादन : कट, सायलेन्स आणि समेची जागा

टॅस्कॅमच्या डीपी-२४एसडीसारख्या, गायन आणि प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणाऱ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केलेला अभंग संगणकाविना नीटनेटका करता येतो. मात्र काम सुरू करण्यापूर्वी गाण्याचा ट्रॅक रिकाम्या ट्रॅकवर ‘क्लोन’ करून, म्हणजे त्याची हुबेहूब प्रत काढून ठेवावा. ‘अनडू’ची सोय असली तरी मूळ गायन बाजूला सुरक्षित असले, की हात मोकळेपणाने चालतो.

संपादनाचा भाग ‘इन’ आणि ‘आउट’ या दोन बिंदूंनी ठरतो आणि तो जेथे न्यायचा ती जागा ‘टू’ या बिंदूने ठरते. ‘सायलेन्स’ दिल्यास इन आणि आउट यांच्यामधला आवाज पुसला जातो व पुढचे सारे जागच्या जागी राहते. ‘कट’ दिल्यास तो भाग निघून जातो व पुढचे सारे मागे सरकते. त्यामुळे गायकाचे खाकरणे काढताना केवळ गायनाच्या ट्रॅकवर ‘कट’ दिला, तर तेथून पुढे गाणे ठेक्याच्या आधी धावू लागते. तेथे ‘सायलेन्स’च हवा. हाच भेद ‘कॉपी पेस्ट’ आणि ‘कॉपी इन्सर्ट’ यांतही आहे : पेस्ट केल्यास ‘टू’पासूनचे जुने मुद्रण झाकले जाते, तर इन्सर्ट केल्यास ते पुढे ढकलले जाते.

‘कट’ खरोखर लागतो तो ध्रुपद एकदा जास्त म्हटले गेले असेल तेव्हा. भजनी ठेका आठ मात्रांचा. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर एक आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक पूर्ण फेरा, ६ सेकंदांचे होते, आणि काढायचा भाग पूर्ण आवर्तनांचाच असावा लागतो. प्रत्यक्ष वादनात लय किंचित कमी-जास्त होत असल्यामुळे या हिशेबावर विसंबून न राहता, मुद्रण हळूहळू पुढेमागे नेणारे जॉग चाक सावकाश फिरवून समेवरची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरची थाप शोधावी आणि तिच्या अगदी आधी, पडद्यावरची आवाजाची तरंगरेषा जवळजवळ सपाट असते तेथे इन ठेवावा. आउटही पुढच्या अशाच एका समेच्या थापेआधी ठेवावा. बिंदू भर आवाजात पडला तर जोडाच्या ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येतो. त्यानंतर हेच दोन बिंदू न हलवता गायन, पेटी, पखवाज आणि टाळ अशा सर्व ट्रॅकवर कट द्यावा.

ओळ समेच्या आधीच उचलली जात असेल, तर गायनाचा जोड समेवर नेमका शब्दाच्या मध्यात येतो. अशा वेळी सर्व ट्रॅकचे इन आणि आउट दोन्ही सारख्याच मात्रांनी मागे घेऊन गायकाच्या श्वासाआधी ठेवावेत. श्वास मात्र कापू नये. तो गेला की पुढचा शब्द अधांतरी वाटतो.

तानपुरा खोलीत वाजत असेल तर तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि प्रत्येक कटपाशी तारांचा क्रम तुटलेला ऐकू येतो. म्हणून गाताना तानपुरा गायकाच्या हेडफोनमध्येच द्यावा व सर्व कट झाल्यावर तो वेगळ्या स्टिरिओ ट्रॅकवर अखंड मुद्रित करावा. माझ्या मते या एका सवयीने संपादनाचे निम्मे कष्ट वाचतात.

शेवटी प्रत्येक जोड किमान दोन आवर्तने आधीपासून हेडफोनवर ऐकावा, प्रथम फक्त गायन आणि मग सर्व ट्रॅक एकत्र, आणि ऐकताना हाताने ताल धरावा. टाळी समेवर पडली नाही, तर ‘अनडू’ करून आउट बिंदू पुन्हा शोधावा.